मोठ्या ऑल-इन्क्लुझिव्ह बीच रिसॉर्टवर कुटुंबासह: बुकिंगपासून निघण्याच्या दिवसापर्यंत

ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे सगळे पैसे आधी भरायचे आणि तिथे पोहोचल्यावर खिशात हात घालायचा नाही, ही कल्पना तशी जुनी आहे. १९५० साली जेरार ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने स्पेनच्या मायोर्का बेटावर आल्कुदियाच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून 'क्लब मेड'ची पहिली वसाहत उभी केली. राहणं, जेवण, खेळ सगळं एकाच रकमेत. पुढे त्यांच्या वसाहतींमध्ये बारवर पैशांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी चालू लागले. आज मण्यांच्या जागी मनगटावरचा पट्टा आहे आणि तंबूंच्या जागी शेकडो खोल्या, पाच-सहा जलतरण तलाव, डझनभर उपाहारगृहं, थिएटर, मुलांचा क्लब.

माझ्या मते या व्यवस्थेचा खरा फायदा पैशांचा नाही. पैसे कधी वाचतात, कधी वाचत नाहीत. हमखास वाचतं ते लक्ष. आज कुठे जेवायचं, बिल किती झालं, मुलांनी तिसरं आइस्क्रीम मागितलं तर काय, हे प्रश्न सुटतात. कुटुंबात पोहता न येणारी किंवा नुकती पोहायला शिकलेली मुलं असतील, तर या वाचलेल्या लक्षाची जागा एकच: पाणी. रिसॉर्टवर चोहीकडे पाणीच असतं. म्हणून बाकीची कामं शक्य तितकी घरूनच उरकायची आणि तिथे गेल्यावर डोकं मोकळं ठेवायचं, या क्रमाने हा लेख लिहिला आहे.

पायरी १: आधी ऋतू बघा, मग दर

एखाद्या आठवड्याचा दर अचानक निम्म्यावर आलेला दिसला, तर त्यामागे बहुतेक वेळा हवामान असतं. कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यासाठी चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. याच किनाऱ्यांवर २०११ पासून सारगॅसम नावाचं तपकिरी समुद्रशैवाल मोठ्या प्रमाणावर वाहून येतं, मुख्यतः वसंत आणि उन्हाळ्यात. ते किनाऱ्यावर कुजू लागलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो आणि मुलांना पाण्यात उतरावंसं वाटत नाही. मेक्सिकोतलं कानकून किंवा डोमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना ठरवत असाल तर त्या महिन्यांतले अलीकडचे, पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा. रिसॉर्टने स्वतः टाकलेल्या फोटोत शैवाल कधीच दिसणार नाही.

तुर्कस्तानातल्या अंताल्याच्या किनाऱ्यावर हंगाम साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबर असा असतो. त्याबाहेर बरीच रिसॉर्ट्स बंद असतात किंवा अर्धीच चालू असतात: पाण्याच्या घसरगुंड्या थांबलेल्या, बाहेरचे तलाव थंडगार. मालदीवमध्ये मे ते ऑक्टोबर हा नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. पाऊस सतत पडतोच असं नाही, पण समुद्र खवळलेला असू शकतो. हंगामाबाहेर जाऊच नये असं मी म्हणणार नाही. मात्र जाताना दोन गोष्टी लेखी विचारा: तलावाचं पाणी गरम केलेलं असतं का, आणि त्या तारखांना कोणत्या सोयी बंद आहेत?

विमानतळ ते रिसॉर्ट हा प्रवास लोक फार हलक्यात घेतात. स्वस्तातल्या सामायिक बसने गेलात तर ती वाटेत चार हॉटेलांवर थांबते आणि पेंगुळलेल्या मुलांसह दोन तास जातात. मालदीवमधली जलविमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरणार असेल तर ती रात्र माले परिसरात काढावी लागेल आणि तिचा खर्च वेगळा. छोट्या मुलांसाठी कारसीट मिळेल का हे गाडी ठरवतानाच विचारा, गाडीसमोर उभं राहून नव्हे.

पायरी २: 'सगळं' म्हणजे नेमकं किती

प्रत्येक रिसॉर्टचं 'सगळं' वेगळं असतं. बुफे, साधी पेयं, तलाव, होड्या-कयाकसारखे इंजिन नसलेले खेळ आणि संध्याकाळचे कार्यक्रम बहुतेक ठिकाणी येतात. स्पा, इंजिनवर चालणारे जलक्रीडा प्रकार, रिसॉर्टबाहेरच्या सहली, फोटोग्राफर, कपडे धुणं आणि तान्ह्या मुलांना सांभाळणं यांचे पैसे सहसा वेगळे. मधला पट्टा धूसर असतो आणि वाद होतात ते तिथेच. टेबलावर येऊन वाढणाऱ्या खास उपाहारगृहांत मुक्कामात कितीही वेळा जेवता येतं की दोन-तीनदाच? खोलीतलं छोटं फ्रीज रोज भरतात की पहिल्या दिवशी एकदाच? रात्री अकरानंतर मुलाला भूक लागली तर काही मिळतं का? खोलीवर जेवण मागवलं तर शुल्क आहे का? वाय-फाय खोलीत चालतं की फक्त लॉबीत?

ई-मेल पाठवून ही उत्तरं लेखी मिळवा आणि फोनमध्ये साठवून ठेवा. स्थानिक पर्यटन कर किंवा पर्यावरण शुल्क दरात धरलंय का तेही विचारा, कारण काही देशांत ते माणशी, दर रात्री लागतं आणि निघताना भरावं लागतं.

'इतक्या रकमेचं रिसॉर्ट क्रेडिट मोफत' अशी जाहिरात दिसली तर तिच्या भरवशावर बुकिंग करू नका. बहुतेकदा ते रोख रकमेसारखं वापरता येत नाही. स्पा किंवा खास जेवणाच्या चढ्या दरांवर थोडी-थोडी सूट, एवढाच त्याचा अर्थ असतो.

मुलांचं वय ही बुकिंगमधली सर्वांत महाग चूक ठरू शकते. वय धरतात ते प्रवासाच्या तारखेचं, बुकिंगच्या दिवसाचं नव्हे. मुक्कामाआधी किंवा मुक्कामातच मुलाचा बारावा वाढदिवस येत असेल तर तो कोणत्या दरात मोजला जाईल हे आधी स्पष्ट करून घ्या. 'मुलं मोफत' ही सवलत कितव्या वर्षापर्यंत आहे आणि एका खोलीत किती मुलांना मिळते, हेही.

पायरी ३: खोली आणि तिची जागा

मोठं रिसॉर्ट हे एक छोटं गावच असतं. खोलीपासून किनारा दहा-बारा मिनिटांच्या चालीवर असू शकतो, आणि दिवसातून पाच-सहा फेऱ्या झाल्या की लहानग्यांचे आणि आजी-आजोबांचे पाय बोलायला लागतात. म्हणून खोलीचा प्रकार निवडण्याआधी रिसॉर्टचा नकाशा उघडा. मुलांचा तलाव, मुख्य बुफे आणि तुमची इमारत हे तीन बिंदू जवळ हवेत. थिएटर आणि रात्री उशिरापर्यंत चालणारा बार मात्र लांब हवा. समुद्रदर्शनासाठी जास्तीचे पैसे मोजण्याऐवजी जवळच्या इमारतीसाठी मोजा, असा माझा आग्रह असतो. खोलीत तुम्ही बहुतेक झोपायलाच येणार असता.

दोन खोल्या घेत असाल तर एक बाब कसोशीने तपासा. 'शेजारच्या खोल्या' आणि 'आतून दरवाजाने जोडलेल्या खोल्या' या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं पलीकडच्या खोलीत झोपणार असतील तर तुम्हाला दुसरा प्रकार हवा. तो 'विनंती' म्हणून नोंदवलाय की 'निश्चित' म्हणून, हे विचारा. विनंती पुरी होईलच असं नसतं.

खोलीच्या गच्चीतून थेट तलावात उतरता येतं अशा खोल्या फोटोत फार मोहक दिसतात. चार-पाच वर्षांचं मूल बरोबर असेल तर घेऊ नका. तिथे झोपलेलं मूल आणि खोल पाणी यांच्यामध्ये फक्त एक सरकता दरवाजा असतो.

पायरी ४: कागदपत्रं आणि सामान

अनेक देश परतीच्या किंवा प्रवेशाच्या तारखेपासून पुढे सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी असा नियम लावतात. मुलांचे पासपोर्ट मोठ्यांपेक्षा कमी वर्षांसाठी दिले जातात, त्यामुळे घरात सगळ्यांत आधी त्यांचेच संपतात. आई-वडिलांपैकी एकच जण किंवा आजी-आजोबा मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्या पालकाचं नोटरीकृत संमतीपत्र बरोबर ठेवा. काही देशांच्या सीमेवर ते मागतात. प्रवास विमा घेताना वैद्यकीय खर्चाबरोबर रुग्णाला दुसऱ्या शहरात हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा. रिसॉर्टमधला दवाखाना लहानसहान गोष्टींसाठी असतो, आणि बेटावरून रुग्णालयात न्यायची वेळ आली तर होडी किंवा विमान लागतं.

सामानाची यादी मी देत नाही, पण सनस्क्रीनचा हिशेब करूनच निघा. प्रौढ माणसाच्या सगळ्या उघड्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर लागतं. दोन मोठी माणसं दिवसातून तीनदा लावतील तर १८० मिलिलिटर, म्हणजे दुकानात मिळते ती नेहमीची बाटली एका दिवसात संपली. रिसॉर्टच्या दुकानात ती कैक पटींनी महाग मिळते. उपाय सोपा आहे: सगळ्यांना लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट. यूपीएफ ५० (यूपीएफ म्हणजे कापड ऊन किती अडवतं याचं माप) लिहिलेलं कापड अतिनील किरणांपैकी साधारण पन्नासावा भागच आत येऊ देतं, आणि ते दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. सनस्क्रीन मग चेहरा, मान, पाय आणि हातांपुरतं. प्रवाळ असलेल्या किनाऱ्यांवर घटकही तपासा: हवाईमध्ये २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे, प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाने २०२० पासून असेच निर्बंध लावले आहेत. झिंक ऑक्साइडवर आधारित सनस्क्रीन घेतलंत तर सहसा अडचण येत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनवर न ठेवता सावलीतच ठेवायचं असतं.

पोहण्याचे कपडे विकत घेताना रंग बघा. निळा, पांढरा आणि राखाडी रंग तलावाच्या पाण्यात विरून जातात. भडक नारिंगी, भडक गुलाबी किंवा पोपटी रंग पाण्याखालीही उठून दिसतो. पैसे तेवढेच लागतात, आणि गर्दीच्या तलावात आपलं मूल शोधणाऱ्या नजरेचं काम निम्मं होतं.

पायरी ५: पहिला दिवस

खोली सहसा दुपारी तीन-चारला मिळते, पण मनगटावर पट्टा बांधला की जेवण आणि तलाव सुरू होतात. म्हणून पोहण्याचे कपडे, चपला, औषधं आणि सनस्क्रीन हातातल्या पिशवीत ठेवा.

स्वागतकक्षाशेजारी आणखी एक टेबल असतं. तिथे हसतमुख माणूस तुम्हाला 'उद्या सकाळी फक्त नव्वद मिनिटांची छोटी भेट' सुचवतो आणि बदल्यात मोफत मसाज किंवा सहल देऊ करतो. ही टाइमशेअर (दरवर्षी ठरावीक दिवस तिथे राहण्याचा हक्क) किंवा सदस्यत्व विकण्याची बैठक असते आणि ती अर्धा दिवस सहज खाते. मुलांसह आलेल्या कुटुंबाने पहिल्याच वाक्यात 'नको, धन्यवाद' म्हणून पुढे चालू लागावं. कारणं देऊ नयेत, कारण प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं.

त्याऐवजी थेट उपाहारगृहांच्या आरक्षणाकडे वळा. संध्याकाळच्या सोयीच्या वेळा पहिल्या दिवशीच भरतात. मुलांसाठी सर्वांत लवकरची वेळ मागा. काही ठिकाणी पुरुषांना लांब पँट आणि बंद बूट बंधनकारक असतात आणि मोठ्या मुलांनाही तोच नियम लावतात, हे आधी समजलं तर दारातून परत फिरावं लागत नाही.

खोलीत शिरल्यावर सामान उघडण्याआधी पाच मिनिटं द्या. गच्चीच्या कठड्याजवळची खुर्ची आणि टेबल आत घ्या. मुलं कठडा ओलांडतात ती बहुतेकदा फर्निचरवर चढूनच. दाराची वरची कडी लागते का, सरकता दरवाजा कुलूपबंद होतो का, ते बघा. मग सगळ्यांनी मिळून रिसॉर्टभर एक फेरी मारा. जीवरक्षक कुठे बसतात, दवाखाना कुठे आहे, प्रत्येक तलाव किती खोल आहे, आणि 'हरवलो तर इथे येऊन उभं राहायचं' अशी एक ठळक खूण. मुलांच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनाने फक्त फोन नंबर लिहा. खोली क्रमांक अनोळखी माणसाला वाचता येऊ नये.

पायरी ६: पाणी

इथे मी रेंगाळणार आहे, आणि तुम्हीही रेंगाळावं अशी विनंती आहे.

बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना हाक मारायला श्वासच उरत नाही. हात आपोआप बाजूला पसरून पाणी दाबू लागतात, म्हणून हलवून मदतही मागता येत नाही. शरीर उभं, डोकं मागे कललेलं, डोळे निस्तेज, पाय मारणं जवळजवळ थांबलेलं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, पाण्यात उभं राहून खेळतंय. हे सगळं मिनिटाच्या आत घडू शकतं. म्हणजे फोनवर एक संदेश लिहिण्याइतक्या वेळात.

सगळे मोठे तलावाकाठी असताना धोका वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. उपाय: पाळी लावा. एका वेळी एकच मोठा माणूस राखणीला; त्याच्या हातात फोन नाही, पुस्तक नाही, पेय नाही. वीस मिनिटांनी पाळी बदलायची, आणि बदलताना तोंडाने म्हणायचं: 'आता तू बघ.' समोरच्याने 'हो, बघतेय' म्हटल्याशिवाय पहिल्याने नजर हटवायची नाही. पोहता न येणारं मूल पाण्यात असेल तर राखणदारही पाण्यात, हात लांबवला की मूल हाती लागेल इतक्या अंतरावर. ज्याने मद्य घेतलंय त्याची त्या दिवशी पाळी नाही. ऑल-इन्क्लुझिव्ह ठिकाणी पेयं सकाळपासून हाताशी असतात, म्हणून हा नियम निघण्याआधी घरीच, सगळ्यांच्या संमतीने ठरवा. तिथे उन्हात बसून ठरवायला गेलं तर कुणाला तरी राग येतो.

जीवरक्षक असले तरी पाळी सुटत नाही. एका माणसाच्या नजरेखाली शंभर डोकी असतात. आणि अनेक रिसॉर्ट्सच्या तलावांवर जीवरक्षक ठरावीक वेळीच असतात किंवा नसतातच. दंडाला लावायचे हवेचे फुगे, फुगवलेली बदकं, कंबरेभोवतीची चक्रं ही खेळणी आहेत. मूल त्यातून निसटतं, उलटं होतं, आणि मोठ्यांना खोटा धीर येतो. मापात बसणारं, प्रमाणित लाइफ जॅकेट घरूनच घ्या. घसरगुंड्यांवर उंचीची अट लिहिलेली असते. ती मुलाच्या हट्टापुढे वाकवू नका. तलावाच्या तळाशी किंवा भिंतीला असलेल्या पाणी ओढणाऱ्या जाळ्यांपासून मुलांना लांब ठेवा, लांब केस बांधा, आणि जाळी तुटलेली दिसली तर त्या तलावात कुणीच उतरू नका.

समुद्राचं गणित वेगळं. जगभर बऱ्याच किनाऱ्यांवर झेंड्यांची एकच भाषा चालते: लाल-पिवळा आडवा दुरंगी झेंडा म्हणजे इथे जीवरक्षकांचा पहारा आहे, अशा दोन झेंड्यांच्या मधेच पोहा. पिवळा म्हणजे मध्यम धोका, लाल म्हणजे मोठा धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद. जांभळा झेंडा जेलीफिशसारखे प्राणी आल्याचं सांगतो. काही देशांत थोडे फरक असतात, म्हणून पहिल्या सकाळी जीवरक्षकाला विचारा आणि मुलांना रंग पाठ करून घ्या. त्यांना ते खेळासारखं आवडतं आणि नंतर तीच तुम्हाला टोकतात.

खरा धोका आहे रिप करंटचा: किनाऱ्यावर आलेलं पाणी एका अरुंद वाटेने परत समुद्रात ओढलं जातं, तो प्रवाह. अमेरिकेच्या जीवरक्षक संघटनेच्या आकडेवारीनुसार लाटांच्या किनाऱ्यांवर होणाऱ्या सुटकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक या प्रवाहामुळे होतात. त्याचा वेग सेकंदाला २.४ मीटरपर्यंत जाऊ शकतो. ऑलिम्पिकमधला पोहणाराही त्याच्याविरुद्ध जाऊ शकणार नाही. तो ओळखणं शक्य असतं, पण नजर उलटी लावावी लागते. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे एक गडद, शांत पट्टा आहे, तर तीच वाट समुद्राकडे जाणारी. अनोळखी माणूस नेमका तिथे 'इथे लाटा कमी आहेत' म्हणून मुलांना घेऊन उतरतो.

सापडलात तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नका. हा प्रवाह माणसाला बाहेर नेतो, खाली खेचत नाही. पाठीवर तरंगा, श्वास सावरा, हात वर करून हलवा. जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या आणि मग तिरकं किनाऱ्याकडे वळा. दुसरं कुणी सापडलं तर त्याच्यामागे पाण्यात झेप घेण्याआधी जीवरक्षकाला बोलवा आणि तरंगणारी काहीही वस्तू त्याच्याकडे फेका. वाचवायला गेलेलेच बुडाल्याच्या घटना सर्रास घडतात.

आणखी एक, थोडं अप्रिय पण महत्त्वाचं. मुलाला जुलाब होत असतील तर त्याला तलावात उतरवू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक जगतो, आणि पोहण्याची लंगोटी तो अडवू शकत नाही. स्वतःच्या मुलासाठी आणि शेजारच्या अनोळखी मुलांसाठी, त्या दिवसात वाळूत किल्ले बांधा.

पायरी ७: बुफे

'फुकट ते पौष्टिक' या म्हणीचा मोह पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांना होतो आणि तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी पोट बिघडतं. हात आखडता घ्या असं मी सांगणार नाही. पदार्थ कसा ठेवलाय ते बघून वाढून घ्या. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायचे असतात. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त राहिलेलं अन्न टाळावं. तुमच्याकडे थर्मामीटर नसणार, पण वाफ दिसते की नाही हे दिसतं. बुफे उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जा. समोर करून देतात ते पदार्थ आधी निवडा. उन्हात ठेवलेली अंडी, मेयोनेझची सॅलड आणि मासे सोडून द्या. लहान मुलांना सोललेली फळं द्या, आणि दात घासायला बाटलीतलं पाणी.

कुणाला अन्नाची ॲलर्जी असेल तर बुफेवरच्या पाट्यांवर विसंबू नका. एकाच डावाने चार भांडी ढवळली जातात. बुकिंगच्या वेळी कळवा, पहिल्या दिवशी मुख्य शेफना भेटा (मोठ्या रिसॉर्टमध्ये ते आवर्जून येतात), आणि स्थानिक भाषेत लिहिलेलं ॲलर्जीचं कार्ड जवळ ठेवा. अनेक ठिकाणी अशा पाहुण्यांसाठी स्वयंपाकघरातून वेगळं ताट येतं.

पोट बिघडलंच तर ओआरएसची पाकिटं हवीत. ती घरून न्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा. दर काही मिनिटांनी घोट-घोट. मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी लहानांना देऊ नका. शौचात रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी न होणं किंवा मूल मलूल पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर.

पायरी ८: मुलांचा क्लब आणि दिवसाची घडी

क्लब बहुतेक ठिकाणी चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मोफत असतो. त्याहून लहानांसाठी सहसा पैसे पडतात, आणि लंगोटी सुटलेली असावी अशी अट असते. पहिल्या भेटीत मुलाला सोडून निघू नका. बसा, बघा आणि विचारा: एका सेविकेकडे किती मुलं? मूल न्यायला येणाऱ्याची ओळख कशी पटवतात? क्लबमधून मुलांना पाण्यात नेतात का, आणि नेलं तर तिथे कोण असतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत मिळालं तर पाण्याचा कार्यक्रम वगळून मुलाला पाठवा.

काही मुलांना क्लब मुळीच आवडत नाही. त्यावर वाद घालून सुट्टी खराब करू नका.

दिवस उन्हाभोवती आखा. सकाळी लवकर समुद्र, दहानंतर सावली किंवा आतले खेळ, जेवण, झोप, चारनंतर पुन्हा तलाव. ढगाळ दिवशी गाफील राहू नका. अतिनील निर्देशांक ३ किंवा जास्त असेल तर संरक्षण लागतंच, आणि ढगांतूनही बरेच किरण खाली येतात. थकलेलं मूल पाण्यात जास्त धोक्यात असतं, म्हणून दुपारची झोप ही सुरक्षेचीच बाब समजा. रोज एकच मोठी गोष्ट ठरवा. घसरगुंड्या, जादूचे प्रयोग आणि खास उपाहारगृह एकाच दिवसात कोंबलंत, की रात्री आठला रडारड ठरलेली.

रिसॉर्टबाहेर एखादी तरी सहल करा. ती रिसॉर्टच्या टेबलावरून घेतली तर महाग पडते, पण विमा आणि परवाना असलेली संस्था मिळण्याची शक्यता जास्त. होडीची सहल असेल तर मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत ना, हे पैसे देण्याआधी डोळ्यांनी बघा. बक्षिशीबद्दल देशोदेशी वेगळे संकेत आहेत. 'सर्व समाविष्ट' असलं तरी खोली आवरणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवशी एकदम देण्यापेक्षा रोज थोडं द्या, कारण रोजचा माणूस बदलू शकतो. हजारो ताटं उचलणाऱ्या या लोकांची नावं मुलांना विचारायला लावा, मुलं ती छान लक्षात ठेवतात.

पायरी ९: निघण्याचा दिवस

आदल्या संध्याकाळीच बिलाचा छापील उतारा मागा. सकाळी रांगेत उभं राहून न घेतलेल्या मसाजचा वाद घालणं कठीण. आदल्या रात्री चूक पटकन दुरुस्त होते. तलावाच्या टॉवेलसाठी दिलेली कार्डं मोजून परत करा, हरवल्यास दंड असतो. आल्यावर तुमच्या कार्डावर अनामत रोखली असेल तर ती कधी सुटेल ते विचारा. बँकेनुसार त्याला काही दिवस लागतात.

विमान संध्याकाळचं असेल तर खोली सकाळी अकरा-बारालाच सोडावी लागते. उशिरा सोडण्याची सोय आदल्या दिवशी मागितली तर कधी थोड्या पैशांत मिळते. नाही मिळाली तर सामान स्वागतकक्षात ठेवून तलाव वापरता येतो का आणि आंघोळीची खोली कुठे आहे ते विचारून ठेवा. मनगटावरचा पट्टा गाडी दारात येईपर्यंत कापू नका, तोवर जेवण चालू असतं. त्या शेवटच्या तासांत सगळ्यांचं लक्ष बॅगांत आणि घड्याळात असतं, म्हणून राखणीची पाळी त्या दिवशी वीस मिनिटांनी नव्हे तर दहा मिनिटांनी बदला. मुलांचे ओले कपडे वेगळ्या पिशवीत, पासपोर्ट तिजोरीतून हातात, आणि पलंगाखाली एकदा टॉर्च मारून बघा.